ग्रीक तत्त्वज्ञांनीं पाहिलेले यहुदी

मेगास्थिनीसचें नांव आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत अपरिचित नाहीं. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारीं आलेल्या या ग्रीक वकिलानें आपल्या देशाविषयीं काय लिहून ठेवलें हें शाळेंतील मुलेंहि थोडेंफार सांगूं शकतात. आणि त्यानें येथील ब्राह्मणांची व श्रमणांची जी वाखाणणी केली तिचा उल्लेख करतांना आमच्या इतिहासलेखकांची लेखणी किंचित् रेंगाळते, हेंहि वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. परंतु मेगास्थिनीसच्या 'इंडिका' ग्रंथांतील एक वाक्य आपण सहसा अर्धेंच वाचतों. सृष्टीविषयीं प्राचीन ग्रीकांनीं जें जें सांगितलें तें सर्व ग्रीसबाहेरील तत्त्वज्ञांनींहि सांगितलेलें आहे, असा त्या वाक्याचा आशय आहे. आणि हे ग्रीसबाहेरील तत्त्वज्ञ कोण, तर हिंदुस्थानांत ब्राह्मण व सीरियांत यहुदी म्हणून ओळखले जाणारे लोक. मूळ 'इंडिका' लुप्त झाली. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती पंडितानें हें वाक्य उतरून घेतलें म्हणून तें आपल्या हातीं लागलें. त्यांतील पहिल्या नांवानें आपणांस धन्यता वाटते. दुसऱ्या नांवाकडे आपलें लक्ष जात नाहीं.

आम्हांस वाटतें, लक्ष द्यावें तें त्या दुसऱ्या नांवाकडेच. कारण ब्राह्मणांच्या पंक्तीस बसविलेल्या या लोकांना पुढें ग्रीक तत्त्वज्ञांनींच त्या पंक्तीवरून उठविलें. पहिला मान कशासाठीं मिळाला व मागाहून अपमान कशासाठीं झाला, हें पाहूं लागलें म्हणजे यहुद्यांविषयीं जितकें कळतें त्याहून अधिक ग्रीकांविषयींच कळतें. आणि परक्यानें केलेल्या स्तुतीची किंमत काय धरावी, याविषयीं आपणांसहि कांहीं बोध होतो.

शिकंदरापूर्वीं ग्रीकांस यहुदी जवळजवळ ठाऊकच नव्हते. हिरोडोटस इ. स. पू. पांचव्या शतकांत पॅलेस्टाइनमधील सीरियन लोकांच्या सुंतेच्या चालीचा उल्लेख करतो, पण यहुदी हें नांव घेत नाहीं. प्लेटोच्या संवादांत त्यांचा मागमूसहि नाहीं. ॲरिस्टॉटलनें पर्जन्य, वारे, समुद्र इत्यादिकांवरील आपल्या ग्रंथांत पॅलेस्टाइनमधील एका सरोवराची ऐकीव हकीकत दिली आहे: त्याचें पाणी इतकें खारट आहे कीं माणूस किंवा जनावर बांधून टाकलें तरी तें तरंगतें. हा मृत समुद्र होय यांत संशय नाहीं. पण त्याच्या आसपास राहणाऱ्या लोकांविषयीं त्या महापंडिताच्या उपलब्ध ग्रंथांत चकार शब्द नाहीं. इ. स. पू. ३३२ मध्यें शिकंदरानें तो प्रदेश घेतला, आणि मग ग्रीकांची जिज्ञासा जागी झाली.

या जिज्ञासेचें पहिलें फळ ॲरिस्टॉटलचा शिष्य व त्याच्या विद्यापीठाचा वारस थिओफ्रॅस्टस याच्या लेखांत दिसतें. धर्मनिष्ठेवरील त्याच्या ग्रंथांतला उतारा सुमारें सहाशें वर्षांनीं पॉर्फिरीनें मांसाहारनिषेधाच्या आपल्या पुस्तकांत घेतला, म्हणून तो वांचला. यहुदी हे जातीनेंच तत्त्वज्ञ आहेत, ते एकमेकांशीं ईश्वराविषयीं संभाषण करतात, रात्रीं ताऱ्यांचें निरीक्षण करतात व प्रार्थनेनें देवास हांक मारतात, असें थिओफ्रॅस्टस सांगतो. ते यज्ञपशूचें मांस न खातां सगळा पशु रात्रीं जाळून टाकतात, त्यावर मध व मद्य ओततात, आणि पशुबळीची व नरबळीची प्रथा प्रथम त्यांनींच पाडली, मात्र ती हौसेनें नव्हे तर निरुपायानें, असेंहि तो लिहितो.

हें वर्णन यहुद्यांच्या स्वतःच्या धर्मशास्त्राशीं ताडून पाहावें. लेवीय नांवाच्या त्यांच्या ग्रंथांत होमांत मध जाळण्यास स्पष्ट मनाई आहे. अनुवाद नांवाच्या ग्रंथांत सूर्य, चंद्र व तारे यांच्या भजनीं लागूं नका असा इशारा आहे. पोटच्या मुलांचा बळी देण्याच्या चालीचा तर त्यांच्या स्मृतिकारांनीं व संदेष्ट्यांनीं पुनःपुन्हा धिक्कार केला आहे. मग थिओफ्रॅस्टसनें हें सर्व आणलें कोठून? आमच्या मतें त्याचें बरेंचसें त्याच्या स्वतःच्या सिद्धांतांतून आलें. पशुयज्ञ हा धर्माचा मूळ प्रकार नव्हे, असें त्यास दाखवावयाचें होतें. तेव्हां बळी देऊनहि मांस न खाणारें एखादें राष्ट्र त्याच्या उपयोगीं पडणारें होतें. तसेंच आकाशस्थ ज्योतींच्या नियमित गतीवरून ईश्वराचें ज्ञान होतें, ही प्लेटोच्या उत्तरायुष्यापासून अथेन्समधील तत्त्वज्ञांची आवडती समजूत. मूर्तीवांचून एकाच देवास भजणारे लोक आढळले, तर ते रात्रीं तारे पाहत असलेच पाहिजेत! थिओफ्रॅस्टसनें यहुद्यांस जो तत्त्वज्ञाचा पोशाख चढविला, तो अथेन्समध्येंच शिवलेला होता.

त्याचाच सहाध्यायी सोली येथील क्लिआर्कस याची गोष्ट याहून मनोरंजक आहे, आणि तिचा आपल्या देशाशीं संबंधहि येतो. निद्रेवरील त्याच्या ग्रंथांत ॲरिस्टॉटल स्वतः सांगतो कीं, आशियामायनरमध्यें असतांना त्यास एक यहुदी गृहस्थ भेटला. हे यहुदी हिंदी तत्त्वज्ञांचे वंशज होत. हिंदुस्थानांत तत्त्वज्ञांस 'कालानी' म्हणतात व सीरियांत 'यहुदी' म्हणतात. त्यांच्या नगरीचें नांव उच्चारावयास मोठें अवघड, यरुशलेम. हा गृहस्थ केवळ भाषेनेंच नव्हे तर आत्म्यानेंहि ग्रीक होता, आणि आम्हीं त्यास दिलें त्यापेक्षां त्यानेंच आम्हांस अधिक दिलें, अशी ॲरिस्टॉटलच्या तोंडीं त्याची प्रशंसा आहे.

कालानी हा शब्द कोठून आला हें उघड आहे. तक्षशिलेहून शिकंदराबरोबर गेलेला व पुढें इराणांत स्वेच्छेनें अग्निप्रवेश करणारा कालानस नांवाचा साधु ग्रीकांत फार प्रसिद्ध झाला होता. त्याच्या नांवावरून एक सबंध जात कल्पिली गेली. पण कालानसचें नांव ग्रीकांच्या कानीं पडलें तें इ. स. पू. ३२६ मध्यें, आणि ॲरिस्टॉटल आशियामायनरमध्यें होता तो त्यापूर्वीं सुमारें वीस वर्षें. तेव्हां ही गोष्ट मागाहून रचलेली आहे, हें बहुतेक निश्चित. तथापि आमचा खरा आक्षेप निराळाच आहे. हा उतारा जोसेफस या यहुदी इतिहासकारानें पहिल्या शतकाच्या अखेरीस आपल्या 'अपियनविरुद्ध' या ग्रंथांत मोठ्या अभिमानानें दिला आहे. तो कितीहि वेळां वाचला तरी त्या यहुद्यानें ॲरिस्टॉटलला सांगितलें तरी काय, याचा पत्ता लागत नाहीं. त्याचा देश सांगितला, नगर सांगितलें, ग्रीक आत्मा सांगितला. पण त्याच्या तोंडचें एक वाक्य नाहीं. स्तुति पुष्कळ झाली, परंतु ज्याची झाली तो शेवटपर्यंत मुकाच राहिला.

ॲब्डेराचा हेकाटीअस हा तत्त्वज्ञ व इतिहासकार इ. स. पू. ३०० च्या सुमारास इजिप्तमध्यें होता. त्याचें वर्णन अधिक सविस्तर आहे. इजिप्तमध्यें सांथ पसरली, देवांचा कोप झाला असें समजून तेथील लोकांनीं परक्यांस हांकून दिलें. त्यांतील कांहीं निवडक लोक ग्रीसला गेले व बाकीचा मोठा समुदाय मोशेच्या नेतृत्वाखालीं यहुदी प्रांतांत गेला. मोशे बुद्धीनें व शौर्यानें श्रेष्ठ होता. देव मानवाकृति नाहीं, पृथ्वीस वेढणारें आकाश हाच एक ईश्वर, असें मानून त्यानें मूर्ति केली नाहीं. त्यानें लोकांचे बारा वंश पाडले, राजा न नेमतां पुरोहितांच्या हातीं सत्ता दिली, तरुणांस पराक्रमाचें शिक्षण दिलें आणि जमिनीचे वांटे विकण्यास मनाई केली.

हें सर्व वाचतांना प्लेटोचें आदर्श राज्य व स्पार्टाची घटना आठवल्यावांचून राहत नाहीं. पण वस्तुस्थिति काय? यहुद्यांच्या परंपरेप्रमाणें मोशे त्या भूमींत पाऊल टाकण्यापूर्वींच वारला, मग त्यानें यरुशलेम वसविलें कसें? आणि दावीद, शलमोन यांच्यासारखे राजे ज्या इतिहासांत झाले, त्यास राजा ठाऊकच नव्हता असें म्हणणें कितपत खरें? हेकाटीअसला तत्त्वज्ञांचें राज्य पृथ्वीवर कोठें तरी पाहावयाचें होतें. तें त्यानें पाहिलें. तथापि त्याच्याच लेखांत एक बारीक खडा लागतो. हद्दपारीचे हाल सोसावे लागल्यामुळें मोशेनें आपल्या लोकांस कांहींशी माणूसघाणी व परक्यांस प्रतिकूल अशी राहणी लावून दिली, असें तो म्हणतो. हेकाटीअस हें सौम्यपणें म्हणतो व त्याचें कारणहि देतो. पुढें मात्र कारण गळालें, सौम्यपणा गेला आणि दोषारोप तेवढा उरला.

असें कां झालें? कारण यहुदी आतां दूरचे राहिले नाहींत. अलेक्झांड्रियांत त्यांची मोठी वस्ती झाली. ग्रीक नगरांत नगरदेवतेची पूजा हाच नागरिकत्वाचा उघड व्यवहार होता. त्या पूजेंत व त्या पंक्तींत जो येत नाहीं तो शेजारी कसला, असा प्रश्न रोजच उठूं लागला. इ. स. पू. १६७ मध्यें चवथ्या अँटायोकसनें यरुशलेमचें मंदिर भ्रष्ट केलें, यहुद्यांनीं बंड केलें व १६४ मध्यें मंदिर पुन्हा शुद्ध करून घेतलें. पुढें त्यांचें स्वतंत्र राज्य झालें आणि त्या राज्यानें आसपासचीं ग्रीक नगरेंहि जिंकलीं. मूर्तीवांचून देवाची भक्ति ही ग्रंथांत वाचण्यास सुंदर होती. शेजारच्या घरांत ती तितकी सुंदर दिसली नाहीं.

ॲरिस्टॉटलच्याच संप्रदायांतील ॲगाथार्किडीस यहुद्यांच्या विश्रांतिवाराची, म्हणजे शब्बाथची, थट्टा करतो: त्या दिवशीं हे शस्त्र हातीं घेईनात म्हणून पहिल्या टॉलेमीनें शहर घेतलें, हें वेड्या समजुतीचें फळ! प्लुटार्कनेंहि भोळसट धर्मभीतीवरील आपल्या निबंधांत अशीच गोष्ट सांगितली आहे. वस्तुतः स्वसंरक्षणासाठीं शब्बाथच्या दिवशींहि लढावें, असा निर्णय यहुद्यांनीं वर सांगितलेल्या बंडाच्या वेळींच, प्लुटार्कच्या आधीं अडीचशें वर्षें, घेतला होता. ऱ्होड्सचा वक्तृत्वशिक्षक अपोलोनिअस मोलॉन, ज्याच्यापाशीं सिसेरो शिकला, तो त्यांस नास्तिक व मनुष्यद्वेष्टे म्हणतो. मानवजातीच्या उपयोगी असा एकहि शोध यांनीं लावला नाहीं, असेंहि तो वर म्हणतो. नीरोचा शिक्षक, स्टोइक पंथाचा कॅरेमन यानें तर इजिप्तमधून रोगी व अपवित्र म्हणून हांकलले गेलेले ते हे यहुदी, ही बाजारगप्प इतिहास म्हणून लिहिली. सर्व मानव एका विश्वनगराचे नागरिक आहेत अशी शिकवण देणाऱ्या पंथाच्या माणसानें ही गप्प लिहावी, याचा विषाद वाटतो.

स्ट्रॅबोच्या भूगोलग्रंथाच्या सोळाव्या पुस्तकांतील मजकूर याहून सूक्ष्म आहे. तो पोसिडोनिअस या स्टोइक तत्त्वज्ञावरून घेतला असावा, असें पुष्कळ पंडित मानतात. त्यांत मोशे हा इजिप्तचा पुरोहित होय. देवास पशुरूप देणाऱ्या इजिप्शियनांस व मानवरूप देणाऱ्या ग्रीकांस तो दोघांसहि चुकलेले मानतो. आणि आपणां सर्वांस, भूमीस व समुद्रास व्यापून राहिलेलें तें एक तत्त्व हाच ईश्वर, असें प्रतिपादितो. पुढें मात्र त्याच्या गादीवर भोळसट व जुलमी पुरोहित आले. त्यांनीं खाण्यापिण्याचे निषेध, सुंता इत्यादि आचार लादले. म्हणजे मूळ धर्म शुद्ध, अर्थात् स्टोइकांसारखा. आणि प्रत्यक्ष दिसणारे यहुदी म्हणजे त्याची विकृति. हा युक्तिवाद वाचकांस ओळखीचा वाटला असेल. प्राचीन वेदांती तेवढे थोर, पण हल्लींचा हिंदु हा त्यांचा अधःपतित वंशज, असा अभिप्राय गेल्या दोन शतकांत कित्येक युरोपीय पंडितांनीं आपल्याविषयींहि दिला. आणि त्यांतील पूर्वार्ध आपण आनंदानें पाठ केला. ज्या मोशेची स्तुति होते तो स्तुति करणाराच्याच मतांचा असतो. ज्यांची निंदा होते ते मात्र खरोखर जिवंत असलेले लोक असतात.

हें अज्ञान अपरिहार्य होतें काय? मुळींच नाहीं. इ. स. पू. तिसऱ्या शतकांतच मोशेच्या पांच ग्रंथांचें ग्रीक भाषांतर अलेक्झांड्रियांत झालें होतें. दुसऱ्या कोणत्या परक्या राष्ट्राचें धर्मशास्त्र ग्रीकांस इतक्या सहज वाचावयास मिळालें असेल असें वाटत नाहीं. पण त्यांनीं तें उघडलें नाहीं. प्लुटार्कच्या भोजनप्रसंगींच्या संवादांत यहुदी डुकराचें मांस कां खात नाहींत व त्यांचा देव कोणता, यावर विद्वान् पाहुण्यांची चर्चा आहे. मांडवांच्या सणांतील वेली व फांद्या पाहून हा देव म्हणजे आपला मद्यदेव डायोनायससच, असें तेथें प्रतिपादन होतें. तर्क चतुर आहे. फक्त तो चालू असतां कोणासहि ग्रंथ आणून पाहावा असें सुचलें नाहीं. याच्या पूर्वीं एक दोन पिढ्याच अलेक्झांड्रियाचा फिलो यानें प्लेटोच्या भाषेंत मोशेचें विवरण करणारे ढीगभर ग्रंथ ग्रीकमध्यें लिहिले होते. त्यांचें जतन केलें तें ख्रिस्ती लोकांनीं.

कांहींनीं मात्र ग्रंथ उघडला. उदात्ततेवरील ज्या निबंधाचा कर्ता आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस लाँजायनस या नांवानें परीक्षेपुरता ठाऊक असतो, त्यानें प्रकाश उत्पन्न करणाऱ्या ईश्वरी आज्ञेचें वाक्य भव्य शैलीचा नमुना म्हणून दिलें आहे. दुसऱ्या शतकांतील न्यूमेनिअसला प्लेटो म्हणजे ॲटिक बोलणारा मोशेच वाटला. पण आम्हांस सर्वांत मोल वाटतें तें वैद्य व तत्त्वज्ञ गेलन याचें. शरीराच्या अवयवांच्या उपयोगावरील ग्रंथांत पापण्यांचे केस ठराविक लांबीचेच कां राहतात, या प्रश्नावर तो मोशेशीं वाद घालतो. मोशेच्या मतें देवानें इच्छिलें कीं झालें. गेलन म्हणतो, आम्हां ग्रीकांचें मत तसें नाहीं. कांहीं गोष्टी स्वभावतःच अशक्य आहेत, देव त्यांच्या वाटेस जात नाहीं, शक्य गोष्टींतून उत्तम ती निवडतो. मोशेचे व ख्रिस्ताचे अनुयायी प्रमाणावांचून मतें स्वीकारतात, असा टोमणाहि त्यानें अन्यत्र मारला आहे. गेलननें यहुद्यांची स्तुति केली नाहीं. पण त्यांचें मत काय आहे तें नीट मांडलें, आपलें मत त्याशेजारीं ठेवलें, आणि दोहोंतील अंतर दाखविलें. क्लिआर्कसच्या मुक्या गृहस्थास गेलनच्या पानांत वाचा फुटली. थिओफ्रॅस्टसच्या वाखाणणीपेक्षां हा विरोध अधिक आदराचा होय, असें आम्हांस वाटतें.

ग्रंथ वाचला म्हणजे अंतःकरण आपोआप शुद्ध होतें असें मात्र नाहीं. इ. स. १७८ च्या सुमारास सेल्ससनें ख्रिस्ती धर्मावर टीका करतांना यहुद्यांच्या उत्पत्तिकथाहि वाचल्या होत्या. तरी प्राचीन ज्ञानी राष्ट्रांची यादी करतांना त्यानें त्यांस वगळलें. ऑरिजेननें सत्तर वर्षांनीं त्यास उत्तर दिलें, त्यांत या गोष्टीबद्दल तक्रार आहे. त्या यादींत इजिप्शियन आहेत, असीरियन आहेत, इराणी आहेत, आणि हिंदी लोकहि आहेत. मेगास्थिनीसच्या वाक्यांतील जोडी येथें फुटली. आपण पंक्तींत राहिलों, यहुदी उठले. आपलें ज्ञान वाढलें होतें व त्यांचें घटलें होतें, असें तर नव्हे. आपण दूर होतों, ते शेजारीं होते, एवढाच फरक. एखाद्या ग्रीक नगरांत पांच पन्नास हजार ब्राह्मण आपले सोवळें ओवळें घेऊन राहते, तर सेल्ससच्या यादींत हिंदुस्थानचें नांव टिकलें असतें काय, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

हे सर्व उतारे रायनाक यानें १८९५ मध्यें व स्टर्न यानें १९७४ ते १९८४ या काळांत एकत्र करून ठेवले आहेत. ते वाचून या तत्त्वज्ञांस सरसकट यहुदीद्वेष्टे ठरविण्याचा मोह होतो. तो अन्यायाचा होईल. १८७९ मध्यें जर्मनींत ज्या वंशद्वेषास नांव मिळालें व १९४१ ते १९४५ या वर्षांत ज्यानें साठ लाख जीवांचा संहार केला, तो द्वेष त्यांस ठाऊक नव्हता. परंतु मनुष्यद्वेष्टे हा जो शब्द त्यांच्या काळांत रूढ झाला तो त्यांच्याबरोबर मेला नाहीं. इ. स. ३८ मध्यें अलेक्झांड्रियांत यहुद्यांचीं घरें लुटलीं गेलीं तेव्हां तो लोकांच्या परिचयाचा होता, आणि पुढील शतकांतील लेखकांनीं तो ग्रीकांच्या पुस्तकांतून तयार उचलला. विद्वानानें निष्काळजीपणें लिहिलेलें वाक्य कोणाच्या हातीं पडेल, हें त्याच्या हातीं नसतें.

शेवटीं एक गोष्ट आपल्या घरची. कोंकणच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल लोक शतकानुशतकें मराठी बोलत आले. तेल गाळणें हा त्यांचा धंदा व शनिवारीं घाणा बंद, एवढें पाहून आपण त्यांस 'शनवार तेली' म्हटलें, आणि त्यांच्याविषयीं सर्व कळलें असें समजलों. आपण त्यांचा छळ केला नाहीं, ही गोष्ट खरी व अभिमानाची. १७९६ मध्यें त्यांनीं मुंबईंत आपलें सभास्थान उभारलें तें निर्भयपणें. त्यांच्यापैकींच केहिमकर यांनीं आपल्या लोकांचा इतिहास १८९७ मध्यें लिहून ठेवला. तो १९३७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९४८ पासून पुढें त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं. ज्या शेजाऱ्यांनीं दिवेकर, पेणकर अशीं आपल्याच गांवांचीं नांवें लावलीं, त्यांचें पुस्तक आपल्यांतील कितीजणांनीं उघडून पाहिलें? अथेन्सच्या तत्त्वज्ञांस दोष देण्यापूर्वीं हा प्रश्न आपण स्वतःस विचारलेला बरा. शेजाऱ्याची स्तुति करणें सोपें आहे, निंदा करणें त्याहून सोपें. त्याचें म्हणणें त्याच्याच तोंडून ऐकून घेणें तेवढें अवघड. मेगास्थिनीसचें तें वाक्य पुन्हा वाचण्याचा प्रसंग आला तर तें आपण पुरें वाचावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.